दोन ओळींत बारा वर्षं

इशरतला पुस्तकांची नावं लक्षात राहत नसत. आत काय ते कळू नये म्हणूनच लेखक हल्ली नाव ठेवतात, असं तिचं म्हणणं होतं. म्हणून वाचून झालेल्या पुस्तकाला ती स्वतःच नाव द्यायची. लोणावळ्याच्या बंगल्यात खून होतो आणि शेवटून तिसऱ्या पानावर खुन्याला एकाएकी जुळा भाऊ फुटतो, ते 'जुळ्या भावाचं'. ज्यात इन्स्पेक्टरची बायको मेलेली असते आणि तो दर प्रकरणाच्या शेवटी दारूचा पेला घेऊन खिडकीत उभा राहतो, ते 'रडक्याचं'. एका ऐतिहासिक कादंबरीत शूर दर्यावर्दी ऐन आषाढात गलबत काढून मोहिमेवर निघतात. आषाढात कोकणातलं शेंबडं पोरसुद्धा खाडीत पाय घालत नाही, हे त्या लेखकाला कुणी सांगितलंच नसावं. तिला ती 'बुडणाऱ्यांचं' म्हणत असे, कारण तिच्या मते ते सगळे पहिल्याच प्रकरणात बुडायला हवे होते.

ही मतं ती स्वतःपाशी ठेवत नव्हती. बहरीनमधल्या मराठी वाचकांचा एक ग्रुप होता. शुभदाताई नावाची पुण्याची बाई, मनामातल्या एका बँकेत काम करणारी, तो चालवायची. सुट्टीवरून येताना प्रत्येकाच्या बॅगेतून दोन-चार पुस्तकं यायची आणि मग ती घरोघर फिरायची. पुस्तक परत करण्याआधी इशरत त्यावर मोबाइलवर बोलून पाठवायची, आणि ते ऐकायला लोक पुस्तकापेक्षा जास्त टपलेले असत. घरात ती आणि उबेद खाडीकाठच्या आपल्या कोकणी बोलीत बोलत. पण पुस्तकाचा विषय निघाला की ती शाळेतल्या मराठीत शिरायची, जणू गुरुजी समोर बसलेत. उबेद म्हणायचा, हिला राग आला की व्याकरण सुधारतं.

तर या बाईचा मार्च महिन्यात एके सकाळी उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. आधी काळे धागे तरंगताना दिसले, मग कोपऱ्यात सावली, आणि दुपारपर्यंत ती सावली अर्ध्या नजरेवर चढली. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला आणि सांगितलं, की हा बुडबुडा पडद्याला आतून दाबून धरेल, पण त्यासाठी मान सतत खाली हवी. बसताना खाली, चालताना खाली, झोपायचं तेही पालथं. साधारण दहा दिवस. आणि वाचायचं नाही.

यातलं शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं इशरतने मान्य केलं. घरी आल्यावर तिने पुस्तक जमिनीवर ठेवून डाव्या डोळ्याने वाचायचा प्रयत्न करून पाहिला. पण त्या डोळ्यात मोतीबिंदू धरत आला होता. अक्षरं पाण्यात सांडलेल्या मोहरीसारखी पळायला लागली आणि मानेतून कळ आली. उबेदने पुस्तक पायाने हळूच सरकवून घेतलं. तिला तेवढंच दिसलं, त्याचा पाय आणि जाणारं पुस्तक.

मुलगी सुहा दुबईहून दोन दिवस येऊन गेली. आईचं दुःख तिला बरोबर कळलं होतं. तिने फोनवर मराठी पुस्तकं ऐकायची सोय करून दिली आणि "जस्ट लिसन, अम्मी, इट्स द सेम थिंग" असं सांगून विमानात बसली. इशरतने ऐकायला घेतलं. वाचणारा गृहस्थ चांगल्या आवाजाचा होता, पण प्रत्येक वाक्य असं म्हणत होता, की वाटावं, त्याच्या घरी आत्ताच कुणीतरी गेलंय. खून व्हायच्या आधी मागे तबला वाजायचा. म्हणजे कुणी मरणार हे मरणाऱ्याच्याही आधी आपल्याला कळायचं. दुसऱ्या दिवशी तिने ते बंद करायला लावलं आणि जेवणाच्या टेबलावर उशीत कपाळ रोवून ती गप्प बसून राहिली. ती गप्प बसली की घरातला एसीसुद्धा मोठ्याने ऐकू यायचा.

उबेदने रजा घेतली होती. मनामाच्या जुन्या बाजारात फहाद नावाच्या बहरीनी माणसाचं हार्डवेअरचं दुकान होतं. तिथे तो कितीतरी वर्षं माल सांभाळायचा. तो स्वयंपाक बऱ्यापैकी करायचा, डोळ्यात थेंब टाकायचा, तिच्या पाठीला तेल लावायचा. पण हे गप्प बसणं त्याच्याने सोसवेना. त्याने शुभदाताईंनी पाठवलेल्या पुस्तकांतलं वरचं उचललं आणि म्हणाला, "मी वाचू?"

इशरतला आधी वाटलं तो थट्टा करतोय. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने औषधाच्या बाटलीवरच्या सूचनांपलीकडे काही वाचलेलं तिने पाहिलं नव्हतं. सातवीपर्यंत त्याची शाळा मराठीच होती, पण त्यानंतर मराठी अक्षराशी त्याचं काही भांडण झाल्यासारखा तो वागत आला होता.

पहिलं पुस्तक रहस्यकथेचं होतं. उबेदने ते दुकानातला माल मोजावा तसं वाचायला सुरुवात केली. पूर्णविराम आला तरी थांबायचा नाही, स्वल्पविरामाला मात्र ठेच लागल्यासारखा अडायचा. प्रेमिकेचा संवाद आणि हवालदाराचा संवाद एकाच आवाजात. इशरत उशीतून सूचना करत होती. थांबा. हे ती म्हणाली की तो? मागचं वाक्य परत वाचा. उबेद निमूटपणे परत वाचायचा. तिसऱ्या प्रकरणात तिला काहीतरी खटकलं. मघाशी माणूस गाडीत होता, तो एकदम हॉटेलात कसा पोचला? उबेदने कबूल केलं, की मधे दोन पानं नुसता घाट आणि धुकं होतं, ते त्याने गाळलं. तिने त्याला मागे जायला लावलं. त्याने ती दोन पानं वाचली. खरंच नुसता घाट आणि धुकं होतं. मग तिनेच सांगितलं, की बरं, इथून पुढे धुकं आलं तर गाळा.

खुनी कोण हे तिने पाचव्या प्रकरणात ओळखलं. घरातला वयस्क वकील पहिल्या भेटीपासून सगळ्यांशी गोड वागत होता, आणि लेखकाने त्याचा चष्मा, त्याची शाल, त्याचं खोकणं सगळं मायेने लिहिलं होतं. ज्याच्यावर लेखक विनाकारण माया करतो तो खुनी, हे तिचं जुनं गणित. उबेदला ते पटलं नाही. तो मोलकरणीवर संशय धरून बसला. शेवटी वकीलच निघाला, तेव्हा तो इतका नाराज झाला, की त्याने पुस्तक आपटलं. इशरतला खाली मान घालूनही हसू आलं. मग ते पुस्तक किती वाईट आहे हे तिने त्याला अर्धा तास समजावलं: पोलीस कुणालाच साधे प्रश्न विचारत नाहीत, सगळे फोन नेमके वेळेवर बंद पडतात, आणि खुनी पकडला गेल्यावर बसून आपला सगळा बेत भाषणासारखा सांगतो. ज्याने इतकं डोकं लावून खून केला, तो इतका बडबड्या कसा निघेल? उबेद म्हणाला, की त्याला तर छान वाटलं. तिने विचारलं, काय छान वाटलं? त्याला सांगता येईना. हे तिला सगळ्यात जास्त चिडवणारं होतं. आवडलं म्हणायचं आणि काय आवडलं ते विचारलं की खांदे उडवायचे. खांदे उडवलेले तिला दिसले नाहीत, पण त्याच्या पायाची बोटं वर झालेली दिसली.

त्या दिवसांत ती त्याला पायांवरूनच ओळखायला शिकली. कंटाळा आला की तो एका पायाने दुसऱ्या पायाचा घोटा खाजवायचा. काही लपवायचं असलं की दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घ्यायचा.

दुसरं पुस्तक ऐतिहासिक होतं, जाडजूड. एक सरदार नवी नवरी घरी ठेवून उत्तरेच्या मोहिमेवर जातो, मोहीम लांबते, एकातून दुसरी निघते, आणि तो बारा वर्षांनी परततो. पहिल्या पानावरच घोडा पांढराशुभ्र निघाला. इशरतने उशीतून सुस्कारा सोडला. ऐतिहासिक कादंबरीत काळा-तांबडा घोडा कुणाच्या वाट्याला का येत नाही, असं तिने विचारलं. सरदाराच्या डोळ्यांत अंगार होता, बोलण्यात मेघगर्जना होती. आपल्या आईला पाणी मागतानासुद्धा तो दरबारात उभा राहिल्यासारखा बोलत होता. चार प्रकरणं होईपर्यंत एकाही माणसाला भूक लागली नाही, ताप आला नाही, कुणाचं पोट बिघडलं नाही. इतकं मोठं सैन्य चाललंय आणि सगळे नुसते मिशांवर ताव देतायत. उबेद वाचत होता, ती बोलत होती, आणि खालच्या किराणा दुकानातून मल्याळी गाणं वर येत होतं.

चौथ्या प्रकरणात सरदार निघाला. उबेदने वाचलं, की पत्नीने ओवाळलं, तिच्या डोळ्यांत पाणी होतं पण तिने ते पडू दिलं नाही. मग नवा परिच्छेद. "बारा वर्षं ती वाट पाहत राहिली. दारातला दिवा तिने एकदाही विझू दिला नाही."

तो थांबला. पान उलटल्याचा आवाज आला.

"पुढे?" इशरतने विचारलं.

"पुढे पाचवं प्रकरण. छावणीचं."

"तिचं पुढे काय?"

"तिचं झालं. आता ती शेवटीच असणार."

इशरतने कपाळ उशीतून उचललं, मग डॉक्टरांचं आठवून परत खाली टेकवलं. पण तिचं व्याकरण एकदम सुधारलं. ती म्हणाली, की दोन ओळींत बारा वर्षं. सरदाराने एका नदीपाशी तळ टाकला तर त्याला सहा पानं, आणि त्या बाईला दोन ओळी. दिवा विझू दिला नाही म्हणे. बारा वर्षं तेल कुठून आणलं? कुणी आणून दिलं? सासू आजारी पडली नसेल? पावसात छप्पर गळलं नसेल? घराच्या हद्दीवरून भावकीने भांडण काढलं नसेल? रात्री दाराशी कुणी खाकरलं तर तिने काय केलं? पोर तापाने फणफणलं तर कुणाला हाक मारली? हे कुणी लिहायचं? यांना वाटतं बायका दाराशी उभ्या केल्या आणि हातात दिवा दिला की झालं. खुंट्या आहोत आम्ही.

ती बराच वेळ बोलली.  उबेदचे पाय खुर्चीखाली गेले होते.

लग्नानंतर तीन महिन्यांतच तो बहरीनला परत आला होता. ती नऊ वर्षं गावी राहिली. दोन वर्षांतून एकदा तो सुट्टीवर यायचा, बॅगा रिकाम्या करायचा, आणि तिला त्याच्या चेहऱ्याची सवय होईपर्यंत निघून जायचा. सुहा झाली तेव्हा तो इथेच होता. दर आठवड्याच्या बाजाराला ती एसटीने दापोलीला जायची आणि वाचनालयातून दोन पुस्तकं उचलायची. रहस्यकथा आणि ऐतिहासिक, कारण ती जाड असायची आणि आठवडाभर पुरायची. घरातलं सगळं निजवून झाल्यावर तिला कुणाची तरी सोबत लागायची, आणि खुनी असले तरी ती माणसंच होती. हे तिने उबेदला कधी सांगितलं नव्हतं. त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

"आपल्या घराची कौलं कोण परतायचं?" त्याने विचारलं. आता तो आपल्या बोलीत बोलत होता.

"मी."

"वर चढून?"

"मग तुमचं पत्र चढणार होतं का वर?"

त्यानंतर त्याने पुढे वाचलं नाही. म्हणाला, डाळ लावायची आहे. संध्याकाळची वेळ होती, डाळ सकाळीच झाली होती. इशरतला ठाऊक होतं, पण तिने त्याला जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पालथी झोपलेली असताना तिचा फोन वाजला. उबेद खाली खुबूसच्या रोट्या आणायला गेला होता. तिने चाचपून फोन घेतला. शुभदाताई होत्या आणि खूप खूश होत्या. म्हणाल्या, "इशरतभाभी, तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या पुस्तकाला उत्तम म्हणालात. आम्ही पुण्याहून त्याच्या गठ्ठाभर प्रती मागवल्यात. पुढच्या शुक्रवारी आमच्याकडे फक्त त्याच्यावरच बोलायचं."

इशरतला काही कळेना. तिने सावधपणे विचारलं, कुठल्या पुस्तकाला? शुभदाताईंनी तिचाच निरोप तिला वाचून दाखवला. 'पुस्तक उत्तम आहे. सर्वांनी वाचावे.' खाली तिचं नाव. हे बारा वर्षांच्या त्या पुस्तकाबद्दल होतं. शुभदाताई पुढे म्हणाल्या, की राजनला तर इतका आनंद झालाय, की तो निरोप सगळ्यांना दाखवत फिरतोय. राजन म्हणजे त्यांचे यजमान, इंजिनियर. ऐतिहासिक कादंबऱ्यांचा त्यांना भारी नाद, आणि त्या बाबतीत इशरतचे निरोप त्यांनी आजवर मुकाट गिळले होते.

उबेद खुबूस घेऊन आला तेव्हा ती टेबलाशी बसलेली होती. तिने शांतपणे विचारलं. त्याने सरळ कबूल केलं. ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, पुस्तक कसं वाटतंय. तिने त्याला लिहायला सांगितलं होतं, की अर्धं झालंय, मग सांगते. तो लिहायला बसला, आणि त्याच्या हातून ते लिहिलं गेलं.

"अर्धं झालेलं पुस्तक उत्तम कसं झालं?"

"माझं पूर्ण झालंय," उबेद म्हणाला. "तू दुपारी झोपतेस तेव्हा वाचलं."

संताप कुठून सुरू करावा हेच इशरतला समजेना. एक म्हणजे तो तिच्यापुढे निघून गेला होता. तिच्याच पुस्तकात. दुसरं म्हणजे रोज संध्याकाळी तो तिला नवीन असल्यासारखं वाचून दाखवत होता, मधे 'अरे बापरे'सुद्धा म्हणत होता. आणि तिसरं, ज्या पुस्तकाने तिला इतकं जाळलं त्याला त्याने तिच्या नावाने शाबासकी दिली होती. इतक्या वर्षांत तिने कुणाच्या भिडेखातर एका ओळीची खोटी स्तुती केली नव्हती. लेखकांच्या नातेवाइकांसमोर केली नव्हती. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता लिहा, की ते मत माझं नाही.

उबेदने तेवढं लिहायची तयारी दाखवली. पण पुस्तक वाईट आहे असं लिहायला तो तयार होईना. म्हणाला, माझं मत तेच आहे. मग स्वतःच्या नावाने द्या, ती म्हणाली. त्यावर तो म्हणाला, की माझं मत कोण विचारतंय? दुकानात मला खिळ्यांची साइझ विचारतात.

बोलाचाली दोन दिवस चालली. मधे फहादचा फोन यायचा, यल्ला उबेद, कब आयेगा, आणि उबेद बाल्कनीत जाऊन त्याला इंशाल्ला रविवारी असं सांगायचा. शेवटी इशरतनेच तोडगा काढला. निरोप मागे घ्यायचा नाही. शुक्रवारी उबेदने बरोबर यायचं आणि ते पुस्तक उत्तम का आहे हे तिथे सगळ्यांसमोर स्वतः सांगायचं. खांदे उडवायचे नाहीत. तिला वाटलं होतं, की तो हात जोडेल आणि माफी मागेल. पाय हलवत तो म्हणाला, "येतो."

त्या शुक्रवारपर्यंत डॉक्टरांनी तिला मान वर करायला परवानगी दिली होती. बुडबुडा अजून डोळ्यात होता. नजरेच्या अर्ध्यावर एक काळसर रेघ डुचमळायची आणि ती वाकली की तीही वाकायची. उबेद म्हणाला, की तुझ्या डोळ्यात पाणसळ बसवलीय, आता भिंत सरळ आहे की नाही ते सांगत जा. ती हसली नाही. तिचा राग अजून ताजा होता.

शुभदाताईंचं घर अमवाजला होतं, समुद्राला लागून. दहा-बारा माणसं जमली होती. राजन दारातच म्हणाले, की भाभी, शेवटी इतिहासाने तुम्हाला जिंकलं म्हणायचं. इशरतने चप्पल काढता काढताच त्यांना खरं काय ते सांगितलं: निरोप तिच्या फोनवरून गेला, मत तिच्या नवऱ्याचं होतं, तिचं स्वतःचं मत विचाराल तर तो लेखक बायकांना खुंट्या समजतो. राजन यांचा चेहरा पडला. सगळ्यांनी उबेदकडे पाहिलं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि समोशाची बशी दोन्ही हातांनी धरली होती.

इशरत त्याला वाचवायला गेली नाही. शुभदाताईंनी त्याला सांभाळून विचारलं, की उबेदभाई, तुम्हाला काय आवडलं? आणि उबेद बोलायला लागला. आधी इतकं हळू, की शेजारच्यांनाही ऐकू येईना.

तो म्हणाला, की घोडे-तलवारी सगळं तिचंच बरोबर आहे. पण ते पाचवं प्रकरण. छावणीतलं. सरदार आजारी पडतो, पंधरा दिवस अंथरुणावर असतो, बाकीचे पुढे निघून जातात. एक भिस्ती त्याला पाणी पाजतो. आणि बरा झाल्यावर तो घरी पत्र लिहितो, त्यात फक्त असतं, आम्ही क्षेम आहोत. "मी तेच लिहायचो," उबेद म्हणाला. "लग्न करून परत आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात मला कावीळ झाली. महिनाभर पडून होतो. खोलीत एक मलबारी होता, तो कामावरून आला की मला भात भरवायचा. तेव्हा गावी पत्र लिहिलं, इकडे सर्व ठीक आहे, हवा चांगली आहे. ते प्रकरण वाचलं आणि वाटलं, हे ह्याला कुणी सांगितलं? मला लिहिता येत नाही. त्याने लिहिलं. म्हणून उत्तम आहे असं म्हटलं."

 राजन यांनी उगाच पुस्तकाची पानं चाळली. मग कुणीतरी म्हणालं, की खरंय, ते प्रकरण चांगलं उतरलंय, आणि चर्चा सुरू झाली. कुणी छावणीच्या बाजूने बोललं, कुणी त्या दोन ओळींवर तुटून पडलं. शुभदाताई म्हणाल्या, की त्यांनी ती बायको वाचताना साफ विसरूनच टाकली होती आणि आता त्यांना त्याची लाज वाटतेय.

इशरत तिच्या खुर्चीत ताठ बसून होती. ते पत्र तिला आठवत होतं. हवा चांगली आहे. भर जुलैतलं पत्र, आणि तिने ते सासूला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. तिला रडू आलं नाही. तिला भयंकर चीड आली. इतकी वर्षं एका ताटात जेवून ही गोष्ट तिला परक्या दिवाणखान्यात, समोसे आणि चहाच्या मधे कळत होती, आणि तीही एका पांढऱ्या घोड्याच्या कादंबरीमुळे.

परतताना गाडी मुहर्रकच्या पुलावर आली. तिने विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"तू काळजी केली असतीस."

"केली असती. मग? ती करायला मला वेळ नव्हता, पण केली असती."

उबेदने गाडीचा वेग कमी केला. मागून येणाऱ्याने हॉर्न दिला. तो म्हणाला, की तू कौलांवर चढायचीस तेही तू लिहिलं नाहीस. तुझ्या पत्रात असायचं, पाऊस चांगला झाला.  गुदैबियात, आपल्या वस्तीत शिरल्यावर गाडी लावायला जागा सापडेना. तीन चकरा मारताना तिने त्याला विचारलं, त्या मलबाऱ्याचं नाव काय होतं. त्याने सांगितलं. तो आता कुठे असतो? ठाऊक नाही, तो म्हणाला, एक दिवस त्याचा व्हिसा संपला आणि तो गेला.

दोन दिवसांनी, उरलेलं पुस्तक उबेदकडून ऐकून झाल्यावर, तिने ग्रुपवर आपलं खरं मत बोलून पाठवलं. त्यात तिने घोड्यांना सोडलं नाही, मेघगर्जनेला सोडलं नाही, आणि दोन ओळींचा तर पार भुगा केला. पण शेवटी म्हणाली, की पाचवं प्रकरण वाचावं. तेवढं त्या लेखकाला ठाऊक होतं. राजन यांनी खाली हात जोडल्याची खूण पाठवली. ती उपरोधाने होती की मनापासून, हे तिला कळलं नाही.

पुढे बुडबुडा विरला, डाव्या डोळ्याचा मोतीबिंदूही काढून झाला आणि तिला नवा चष्मा मिळाला. उजव्या डोळ्याने सरळ रेघ अजून जराशी वाकडी दिसते, पण अक्षर लागतं. घरात मात्र आता एक नवीनच त्रास उभा राहिलाय. उबेद वाचायला लागलाय. शुभदाताईंकडून पुस्तक आलं की तो ते दुकानात घेऊन जातो आणि गिऱ्हाईक नसलं की स्टुलावर बसून वाचतो. आयुष्यात पहिल्यांदा इशरतला आपल्याच घरात पुस्तकासाठी थांबावं लागतं. पानांना ग्रीसचे ठसे लागून येतात. त्याची मतं तर ऐकवत नाहीत. त्याला सगळंच आवडतं. जुळा भाऊसुद्धा आवडला. बिचाऱ्याला लेखकाने इतक्या उशिरा आणलं, याचंच त्याला वाईट वाटलं. परवा त्याने जेवताना, तिचं निम्मंच झालेलं असताना, खुनी कोण ते सांगून टाकलं. तिने ताट सरकवलं आणि शाळेतल्या मराठीत बोलायला सुरुवात केली. उबेदने पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि म्हणाला, की डॉक्टर खुनी निघेल असं तुला वाटलंच नव्हतं, कबूल कर. तिला वाटलं नव्हतं. पण ते तिने कबूल केलं नाही.